केनेडी, रेगन, ओबामा आणि ट्रम्प, चौघांनाही निवडणारा मिशिगनचा हा भाग करिश्म्याबद्दल काय सांगतो?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लागली की दर चार वर्षांनी एक वाद ठरलेला असतो. एकीकडे सभा गाजवणारा उमेदवार, दुसरीकडे वीस-तीस वर्षं सिनेटमध्ये घालवलेला, बजेटचं पान न् पान पाठ असलेला उमेदवार. मग टीव्हीवरचे पंडित विचारतात, समोरच्या पक्षाची मतं यातला नक्की कोण फोडणार?

मोबाईलवर जे दिसतं त्यावरून ठरवायचं तर उत्तर सोपं आहे. ओबामांचं २००४ सालचं भाषण आजही फिरतंय. रेगन यांचे डिबेटमधले विनोद फिरतायत. ट्रम्प यांचं तर विचारूच नका. पण वॉल्टर मॉंडेल नावाच्या माणसाचं रील तुमच्यासमोर कधी आलंय का? नाही ना. म्हणजे करिश्मा जिंकतो, अनुभव हरतो, विषय संपला.

पण आकडे काढून बसलं की हा विषय इतक्यात संपत नाही. त्यासाठी मिशिगन राज्यातल्या मकोम काउंटीत जावं लागतं. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. डेट्रॉईट शहराची उत्तरेची हद्द जिथे संपते, त्या '८ माइल रोड'च्या पलीकडे ही काउंटी सुरू होते. लोकसंख्या पावणेनऊ लाखांच्या आसपास. वॉरन, स्टर्लिंग हाइट्स ही इथली मोठी गावं. जनरल मोटर्स, क्रायस्लर, फोर्ड, तिघांचंही इथे काही ना काही आहे. बाप गाडीच्या कारखान्यात, पोरगा त्याच कारखान्यात, दोघांच्या खिशात एकाच युनियनचं कार्ड, असा हा मुलूख.

या मुलखाने १९६० मध्ये केनेडींना ६३ टक्के मतं दिली. १९८४ मध्ये रेगन यांना ६६ टक्के. २००८ आणि २०१२ मध्ये ओबामांना जिंकवलं आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांना. दोन डेमोक्रॅट, दोन रिपब्लिकन. चौघांत सारखं काय, तर चौघंही टीव्हीच्या पडद्यावर भारी होते. करिश्म्याचा सिद्धांत सांगणाऱ्यांना याहून चांगला पुरावा कुठे मिळणार? पण जरा थांबा.

केनेडींनी उंबरठा ओलांडलाच नव्हता

करिश्मा विरुद्ध अनुभव म्हटलं की पहिलं उदाहरण दिलं जातं ते १९६० चं. केनेडी ४३ वर्षांचे, देखणे, तरुण. समोर निक्सन, आठ वर्षं उपराष्ट्राध्यक्ष राहिलेले. निक्सन यांचा प्रचारच अनुभवावर होता. गंमत म्हणजे हे दोघेही १९४६ च्या निवडणुकीत जिंकून १९४७ च्या जानेवारीत एकाच वेळी अमेरिकेच्या संसदेत पोचले होते. म्हणजे राजकारणातली वर्षं मोजली तर दोघं सारखेच. फरक होता तो उपराष्ट्राध्यक्षपदाचा.

आणि त्याच पदाची हवा त्यांच्याच साहेबांनी काढली. ऑगस्ट १९६० मध्ये पत्रकारांनी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना विचारलं, निक्सन यांची एखादी मोठी कल्पना सांगा जी तुम्ही अमलात आणली. आयसेनहॉवर म्हणाले, एक आठवडा दिलात तर कदाचित एखादी आठवेल. डेमोक्रॅट्सनी याची जाहिरात केली नसती तरच नवल.

मग २६ सप्टेंबरची ती प्रसिद्ध डिबेट. ज्यांनी टीव्हीवर पाहिली त्यांना केनेडी जिंकलेले वाटले आणि रेडिओवर ऐकली त्यांना निक्सन, ही गोष्ट तुम्ही कुठेतरी वाचली असेलच. ती इतक्या वेळा सांगितली गेलीये की ती खरीच वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागचा पुरावा अगदी तुटपुंजा आहे. खरी गोष्ट एवढीच, की पावणेसात कोटींहून जास्त मतांमध्ये दोघांतला फरक सव्वा लाखापेक्षाही कमी होता. इतका करिश्मा असूनही केनेडी काठावर पास झाले.

मकोमचे ६३ टक्के मग कुठून आले? पोलिश आणि इटालियन वंशाची कॅथलिक वस्ती, ऑटो कामगारांची युनियन आणि रूझवेल्ट यांच्या काळापासून डेमोक्रॅट पक्षाशी जोडलेली घरं. केनेडी स्वतः कॅथलिक. या लोकांना त्यांना मत द्यायला पक्ष बदलायचा नव्हता, ते आपल्याच घरात होते. समोरच्या पक्षाची मतं खेचणं म्हणजे काय, हे या निवडणुकीत दिसतच नाही.

ते बघायचं असेल तर त्याआधीचे आयसेनहॉवर बघा. १९५२ साली डेमोक्रॅट्स सलग वीस वर्षं सत्तेत होते, आणि आयसेनहॉवर रिपब्लिकन असूनही ४८ पैकी ३९ राज्यं जिंकले. त्याआधी एकही निवडणूक न लढवलेला हा माणूस. नॉर्मंडीच्या स्वारीचा सेनापती, पण वक्ता म्हणून बेताचाच. त्यांची मोठी घोषणा होती, मी स्वतः कोरियाला जाईन. कोरियातल्या युद्धात मुलं मरत होती आणि लोक वैतागले होते. ही घोषणा त्यांनी केली ती डेट्रॉईटमध्येच. ही गोष्ट करिश्म्याच्या खात्यात टाकायची की अनुभवाच्या? मला विचाराल तर दोन्ही खाती इथे अपुरी पडतात. लोकांना युद्धातून बाहेर पडायचं होतं आणि युद्ध जाणणारा माणूस समोर उभा होता.

रेगन यांनी नेमकं काय केलं?

१९६० ते १९८० या वीस वर्षांत मकोममध्ये बरंच काही झालं. १९६७ मध्ये डेट्रॉईटमध्ये मोठी दंगल उसळली. गोरी कुटुंबं शहर सोडून ८ माइल रोडच्या उत्तरेला जायला आधीच लागली होती, त्याला वेग आला. मग शाळांचा प्रश्न आला. डेट्रॉईटची कृष्णवर्णीय मुलं आणि उपनगरातली गोरी मुलं बसने एकमेकांच्या शाळांत पाठवायची, असा निकाल खालच्या कोर्टाने दिला. सुप्रीम कोर्टाने १९७४ मध्ये तो फिरवला, पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. १९७२ मध्ये डेमोक्रॅट पक्षाची मिशिगनची प्रायमरी जिंकली ती जॉर्ज वॉलेस यांनी, म्हणजे वंशभेदी धोरणांसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या अलाबामाच्या गव्हर्नरने. हे झाकून रेगन यांचं कौतुक सांगणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं.

वरून महागाई. १९८० मध्ये अमेरिकेत महागाईचा दर साडेतेरा टक्क्यांच्या घरात होता. पेट्रोल महाग झाल्यावर लोक छोट्या जपानी गाड्या घ्यायला लागले आणि डेट्रॉईटच्या अजस्र गाड्या पडून राहिल्या. इराणमध्ये ५२ अमेरिकन ओलीस होते. मतदानाच्या दिवशी, ४ नोव्हेंबर १९८० ला, त्या घटनेला बरोबर एक वर्ष होत होतं. बुडत्या क्रायस्लरला सरकारी हमीचं कर्ज देणाऱ्या कायद्यावर त्याच वर्षी जानेवारीत सही करणारे राष्ट्राध्यक्ष होते डेमोक्रॅट पक्षाचे जिमी कार्टर. म्हणजे मकोमच्या कारखान्यांना वाचवलं कार्टर यांनी, आणि मकोम हरलेही तेच.

रिपब्लिकन पक्षाने १९८० चं आपलं अधिवेशन थेट डेट्रॉईटमध्ये भरवलं. उमेदवार कोण, तर जुना सिनेनट. पण रेगन यांना नुसता नट समजणं ही तेव्हाच्या डेमोक्रॅट्सची चूक होती. ते आठ वर्षं कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. त्याआधी नटांच्या युनियनचे अध्यक्ष होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, १९६२ पर्यंत ते स्वतः डेमोक्रॅट होते, रूझवेल्टना मत देणारे. मी पक्ष सोडला नाही, पक्षानेच मला सोडलं, हे त्यांचं आवडतं वाक्य.

आता हे वाक्य वॉरनमधल्या युनियन कामगाराच्या कानांनी ऐका. वडिलांनी, आजोबांनी आयुष्यभर डेमोक्रॅटला मत दिलं. त्याला राग आलाय, पण पक्ष बदलायचा म्हणजे घरच्यांशी गद्दारी केल्यासारखं वाटतंय. आणि समोर एक माणूस हसत हसत सांगतोय, मी पण तुमच्यातलाच, आणि सोडलं तरी काही बिघडत नाही. रेगन यांच्या करिश्म्याने केलेलं काम हे होतं. मनात आधीच झालेला निर्णय त्यांनी लाजेतून सोडवला. राग त्यांनी पेरला नव्हता, तो आधीच उगवला होता.

१९८४ ला समोर होते वॉल्टर मॉंडेल. बारा वर्षं सिनेटर, चार वर्षं उपराष्ट्राध्यक्ष. प्रामाणिक इतके, की पक्षाच्या अधिवेशनातच सांगून टाकलं, कर वाढवावे लागतील, रेगनही वाढवतील, ते सांगणार नाहीत, मी सांगतोय. रेगन तेव्हा ७३ वर्षांचे होते आणि पहिल्या डिबेटमध्ये अडखळले होते. दुसऱ्या डिबेटमध्ये वयाचा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, मी वयाचा मुद्दा करणार नाही, राजकीय फायद्यासाठी माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या तरुणपणाचा आणि अननुभवाचा वापर करणार नाही. ५६ वर्षांचे मॉंडेल स्वतःच हसले. अनुभवाचा मुद्दा तिथेच गार झाला.

रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्यं जिंकली. पण तो विनोद नसता तर ते हरले असते का? १९८२ च्या अखेरीस देशात बेरोजगारी १०.८ टक्के होती, मतदानाच्या महिन्यात ती ७.२ वर आली होती. कारखाने पुन्हा सुरू होत होते. बेकारी १०.८ वरच अडकली असती तर तोच विनोद लोकांना उद्धट वाटला असता, असं माझं मत आहे. त्या वेळच्या एक्झिट पोल्सनुसार डेमोक्रॅट मतदारांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याने रेगन यांना मत दिलं. यांनाच पुढे 'रेगन डेमोक्रॅट' म्हणायला लागले.

मतं गेली कशी हे शोधायला १९८५ मध्ये स्टॅन ग्रीनबर्ग नावाचे संशोधक मकोममध्ये आले. त्यांनी लोकांना छोट्या गटांत बसवून बोलतं केलं. निघालं असं, की या लोकांना डेमोक्रॅट पक्ष आता आपला वाटत नव्हता. आपल्या कष्टाचा पैसा दुसऱ्यांसाठी चाललाय, असं त्यांचं म्हणणं होतं, आणि 'दुसरे' म्हणजे डेट्रॉईटचे कृष्णवर्णीय, हेही ते आडपडदा न ठेवता सांगत होते.

पक्ष ओलांडायला कारण लागतं, हे आपल्याला नवीन नाही. आपल्याकडे राष्ट्रपती आमदार-खासदार निवडतात, त्यामुळे तुलना सरळ होत नाही. पण २००७ आठवा. एनडीएचा पाठिंबा होता उपराष्ट्रपती भैरोसिंह शेखावत यांना, अनुभव तगडा, सर्व पक्षांत मित्र. तरी एनडीएतल्या शिवसेनेने मत दिलं यूपीएच्या प्रतिभाताई पाटील यांना, कारण राष्ट्रपतिपदी मराठी माणूस बसणार होता. तिथे मुद्दा भाषणांचाही नव्हता आणि बायोडेटाचाही नव्हता.

२००८: दोघांकडेही क्रॉसओव्हर होता

ओबामा विरुद्ध मॅकेन ही लढत या वादासाठी जणू मापात शिवली होती. ओबामा सिनेटमध्ये आले २००५ च्या जानेवारीत. मॅकेन संसदेत आले १९८३ मध्ये. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षं युद्धकैदी राहिलेले, डेमोक्रॅट्सना सोबत घेऊन कायदे केलेले. पक्षापलीकडे जाण्याचा रेकॉर्ड ओबामांपेक्षा मॅकेन यांचाच मोठा होता.

मिशिगनलाच ते माहीत होतं. २००० सालच्या रिपब्लिकन प्रायमरीत मॅकेन यांनी इथे जॉर्ज बुश यांना हरवलं होतं, आणि ते डेमोक्रॅट आणि अपक्ष मतदारांच्या जोरावर. मिशिगनमध्ये कोणीही कोणत्याही पक्षाच्या प्रायमरीत मत देऊ शकतो. तोच माणूस, तेच राज्य. आठ वर्षांनी, २ ऑक्टोबर २००८ ला, मॅकेन यांच्या टीमने मिशिगनमधला प्रचार गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

मधल्या काळात मॅकेन यांचा अनुभव कुठे गेला नव्हता, उलट आठ वर्षांनी वाढला होता. पण ते आता आठ वर्षं सत्तेत असलेल्या, लोकांच्या मनातून उतरलेल्या पक्षाचे उमेदवार होते. १५ सप्टेंबरला लेहमन ब्रदर्स बुडाली आणि त्याच दिवशी मॅकेन म्हणाले, अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. त्याआधी उन्हाळ्यात त्यांच्या टीमने ओबामांना पॅरिस हिल्टन आणि ब्रिटनी स्पीअर्सच्या रांगेत बसवणारी जाहिरात केली होती. म्हणजे हा नुसता सेलिब्रिटी, याला काय कळतंय. ऑगस्टअखेर त्यांनी दोन वर्षंही गव्हर्नरपद न भूषवलेल्या सारा पेलिन यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी घेतलं आणि स्वतःच्याच मुद्द्याला सुरुंग लावला.

मतदान करून बाहेर आलेल्यांना विचारलं गेलं, उमेदवारातला कोणता गुण तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा? 'बदल घडवू शकतो' म्हणणारे ३४ टक्के, त्यातल्या ८९ टक्क्यांनी ओबामांना मत दिलं. 'योग्य अनुभव' म्हणणारे २० टक्के, त्यातले ९३ टक्के मॅकेन यांच्यासोबत. हा वीसचा आकडा लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

आणि समोरच्या पक्षाची मतं? रिपब्लिकन मतदारांपैकी ओबामांना मिळाले ९ टक्के. २००४ मध्ये डेमोक्रॅट्सचे जॉन केरी, ज्यांच्यावर करिश्म्याचा आरोप कोणी करणार नाही, त्यांना मिळाले होते ६ टक्के. म्हणजे इतिहास घडवणारं भाषण, बर्लिनमधली दोन लाखांची गर्दी, रिपब्लिकन कॉलिन पॉवेल यांचा पाठिंबा, या सगळ्याची वाढ तीन टक्के. उलट मॅकेन यांना डेमोक्रॅट मतदारांपैकी १० टक्के मिळाले. ओबामा जिंकले ते अपक्ष मतदारांवर, नव्याने बाहेर पडलेल्या मतदारांवर आणि आपल्याच पक्षाच्या गर्दीवर.

करिश्म्याची खरी करामत दिसते ती पक्षाच्या आत. आयोवाच्या पहिल्या लढतीत २००४ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास डेमोक्रॅट आले होते, २००८ मध्ये जवळपास दुप्पट. ही गर्दी हिलरी क्लिंटन यांच्या अनुभवाला भारी पडली. रात्री ३ वाजता व्हाइट हाउसमधला फोन वाजला तर कोण उचलेल, ही त्यांची जाहिरात गाजली, पण उमेदवारी ओबामांना मिळाली.

मकोममध्ये ओबामांना ५३ टक्के मिळाले. ज्या लोकांनी १९८५ मध्ये ग्रीनबर्ग यांना कृष्णवर्णीयांबद्दल नको नको ते ऐकवलं होतं, त्याच काउंटीने कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्षाला मत दिलं. ग्रीनबर्ग यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून 'रेगन डेमोक्रॅट्स'ना चक्क निरोप दिला. आता मकोमचा अभ्यास पुरे, असा त्याचा सूर होता.

२०१२ मध्येही मकोम ओबामांसोबत राहिली. समोर मिट रॉम्नी होते, डेट्रॉईटमध्ये जन्मलेले, वडील मिशिगनचे गव्हर्नर. पण ऑटो कंपन्यांना सरकारने पैसे देऊ नयेत, त्यांना दिवाळखोरीच्या मार्गाने जाऊ द्यावं, असं त्यांनी २००८ च्या शेवटी लिहून ठेवलं होतं आणि ओबामा सरकारने जनरल मोटर्स आणि क्रायस्लरला उभं केलं होतं. गाववाला असून उपयोग झाला नाही. आठवतं ना, कार्टर यांनाही क्रायस्लर वाचवून उपयोग झाला नव्हता. पण तेव्हा महागाईने सगळं खाल्लं होतं, २०१२ मध्ये कारखान्यांत पुन्हा भरती चालू होती.

मग २०१६ उजाडलं

हिलरी क्लिंटन यांच्याइतका लायक उमेदवार आजवर झाला नाही, मी नाही आणि बिल क्लिंटनही नाही, असं खुद्द ओबामा म्हणाले. सिनेटर आठ वर्षं, परराष्ट्रमंत्री चार वर्षं. समोर असा माणूस, ज्याने ना कधी सरकारी पद भूषवलं होतं, ना सैन्यात नोकरी केली होती. अमेरिकेत असा राष्ट्राध्यक्ष आधी कधीच झाला नव्हता.

पुन्हा तोच एक्झिट पोलचा प्रश्न. 'योग्य अनुभव' म्हणणारे यंदाही पाचातला एक, आणि त्यातले ९० टक्के हिलरींसोबत. 'बदल घडवू शकतो' म्हणणारे ३९ टक्के, त्यातले ८० टक्क्यांहून जास्त ट्रम्प यांच्यासोबत.

२००८ आणि २०१६ शेजारी ठेवा. अनुभवाला मान देणारे तेवढेच राहिले, पण ते एकदा रिपब्लिकनांच्या बाजूला होते आणि एकदा डेमोक्रॅट्सच्या. याचा एक अर्थ असा, की बरेच लोक आधी उमेदवार ठरवतात आणि मग त्याच्याकडे जो गुण आहे तो महत्त्वाचा म्हणून सांगतात. आपलं पोरगं गणितात हुशार असलं की आपल्याला गणित महत्त्वाचं वाटतं, तसंच. म्हणून अशा आकड्यांवरून 'लोकांना अनुभव नको असतो' असा निष्कर्ष काढणाऱ्यांपासून सावध राहिलेलं बरं. त्याच पोलमध्ये ट्रम्प पदासाठी लायक आहेत असं म्हणणारे चाळीस टक्क्यांहून कमी होते, आणि त्यांना मतं पडली ४६ टक्के. लायक नाहीत हे मान्य करूनही काहींनी त्यांना मत दिलं, आणि निकाल त्यांनी फिरवला.

मकोम ट्रम्प यांनी सुमारे ४८ हजार मतांनी जिंकली. अख्खं मिशिगन जिंकलं ते १०,७०४ मतांनी. गणित तुम्हीच करा.

हिलरी इकडे फिरकल्याच नाहीत, असं पुष्कळदा सांगितलं जातं. ते खरं नाही. ऑगस्टमध्ये वॉरनमध्येच त्यांनी आर्थिक धोरणावर मोठं भाषण केलं होतं. धोक्याची घंटा मार्चमध्येच वाजली होती, जेव्हा सर्व्हे हिलरींना वीस टक्क्यांच्या आसपास पुढे दाखवत असताना मिशिगनची प्रायमरी बर्नी सँडर्स जिंकले. सँडर्स आणि ट्रम्प यांच्यात साम्य काय, तर मेक्सिकोसोबतच्या व्यापार कराराने तुमच्या नोकऱ्या खाल्ल्या, हे दोघंही ओरडून सांगत होते. तो करार लागू केला होता बिल क्लिंटन यांनी. मेक्सिकोत बनवून आणलेल्या फोर्ड गाडीवर ३५ टक्के कर लावीन, ही ट्रम्प यांची धमकी अर्थशास्त्रज्ञांना हास्यास्पद वाटली, मकोमला वाटली नाही. मतदानाच्या दोन दिवस आधी ट्रम्प यांची सभा स्टर्लिंग हाइट्समध्ये होती. ग्रीनबर्ग यांना निरोप मागे घेऊन पुन्हा मकोममध्ये यावं लागलं.

देशभरात मात्र ट्रम्प यांना मत देणारे डेमोक्रॅट जेमतेम ८ टक्के होते. १९८४ च्या एक चतुर्थांशाशी तुलना करा. दारातून जाणारे कमी झालेत, हे खरं. पण एक हिशोब यात हरवतो. रेगन यांना मत देणारे पुष्कळ डेमोक्रॅट पुढे स्वतःला रिपब्लिकनच म्हणवून घ्यायला लागले. एकदा पाटी बदलली की ते पक्ष ओलांडणाऱ्यांत मोजले जात नाहीत.

अनुभवाचाही दिवस येतो

करिश्माच जिंकतो म्हणणाऱ्यांना बायडेन अडचणीचे वाटतात. २००८ मध्ये सिनेटचा पस्तीस वर्षांचा अनुभव घेऊन ते आयोवात उतरले आणि एक टक्काही मिळाला नाही. २०२० मध्ये त्याच माणसाला ८ कोटींहून जास्त मतं पडली. भाषणं काही सुधारली नव्हती. कोरोनाने माणसं मरत होती, आणि कंटाळवाणा, माहितीतला माणूस ही अचानक मोठी गोष्ट झाली. मिशिगन त्यांनी दीड लाखाच्या फरकाने जिंकलं. तरी रिपब्लिकनांपैकी त्यांना ६ टक्केच मिळाले. आणि स्वतःला कामगाराघरचा पोरगा म्हणवणाऱ्या बायडेन यांना मकोम काही जिंकता आली नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये ऑटो कामगारांचा संप चालू असताना बायडेन डेट्रॉईटजवळ संपकऱ्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. पदावरच्या राष्ट्राध्यक्षाने असं करण्याची ही पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवशी ट्रम्प आले ते मकोममध्ये, तेही युनियन नसलेल्या कारखान्यात. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांनी रिपब्लिकन लिझ चेनी यांना घेऊन शेजारच्याच ओकलंड काउंटीत कार्यक्रम केला. रिपब्लिकन मतदारांतले ५ टक्के मिळाले, म्हणजे बायडेन यांच्यापेक्षाही कमी. युनियनचा पाठिंबा हॅरिस यांना होता. मिशिगन ट्रम्प यांनी जिंकलं आणि मकोममध्ये त्यांची आघाडी २०२० पेक्षा वाढली.

युनियनचे अध्यक्ष शॉन फेन २०२४ च्या ऑगस्टमध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या अधिवेशनात स्टेजवर गेले, अंगातला कोट काढला, आणि आतल्या टीशर्टवर लिहिलं होतं, ट्रम्प संपफोड्या आहे. मार्च २०२५ मध्ये ट्रम्प यांनी बाहेरून येणाऱ्या गाड्यांवर २५ टक्के कर जाहीर केला. त्याच दिवशी फेन यांच्या युनियनने पत्रक काढून या निर्णयाचं स्वागत केलं.